तड्याची चौकशी

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतींत एक तरी बिऱ्हाड असं असतंच, जिथून काही फेकलं जात नाही. छत्रीची मूठ, विळीचा पाट, चष्म्याची काडी, सगळ्याला कुठे ना कुठे जोड असतो आणि प्रत्येक जोडाची तारीख घरातल्या एका माणसाला तोंडपाठ असते. आमच्या इमारतीत हे पद नानांकडे आहे. त्यांचं पूर्ण नाव लाइटच्या बिलावर असेल, एरवी नाना. त्यांच्याकडे जाणारा माणूस तडकलेलं काहीतरी हातात धरूनच जातो, आणि दार उघडल्यावर नाना ‘या’ म्हणत नाहीत. पाहुण्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघतात आणि विचारतात, “ओली कशाने झाली?”

मोडून दोन तुकडे झालेल्या वस्तूत त्यांना फारसा रस नाही. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यांचा जीव तड्यात, आणि त्यातही हत्यारांच्या मुठी-दांड्यांच्या तड्यात. तडा कुठून निघाला, कुठे थांबला आणि तिथेच का थांबला, हे उमजल्याशिवाय ते गोंदाच्या डब्याला हात लावत नाहीत. आपण घाईत असतो. फट आहे, गोंद आहे, मग घोडं अडलंय कुठे, असं आपल्याला वाटतं. तोवर नानांनी खिशातून भिंग काढलेलं असतं.

डबा बिस्किटांचा आहे, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. त्यात फेव्हिकोल, अ‍ॅराल्डाइटच्या जोडट्यूबा, एम-सील, पंक्चरवाल्याकडचं रबर सोल्यूशन, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या आणि तळाशी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. ‘खाऊ नका, फेकून द्या’ असं त्या पुड्यांवर इंग्रजीत छापलेलं असतं. नाना पहिली सूचना पाळतात. फेव्हिक्विकच्या नळ्या मात्र डब्यात नसतात. त्या फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी एका बंद डबीत असतात. हा गोंद ओलाव्याने घट्ट होतो आणि जुलैत डोंबिवलीच्या हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून हा बंदोबस्त. बरं, फ्रिजमधून काढली की लगेच नळी फोडायची नाही. गार नळीला बाहेरच्या हवेचं पाणी सुटतं आणि तेच आत जातं. त्यामुळे नळी आधी टेबलावर ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. तोपर्यंत आलेल्या माणसाने चहा घ्यायचा. नानांकडे चिकटवायला गेलेला माणूस तासाभराच्या आत खाली आलाय, असं इमारतीत कोणी पाहिलेलं नाही.

फेव्हिक्विकबद्दल नानांच्या मनात अढी आहे ती गोंदामुळे नाही, तळमजल्यावरच्या बँकवाल्यांमुळे. बँकवाले निवृत्त, उत्साही, आणि जगातल्या सगळ्या तड्यांवर त्यांच्याकडे एकच औषध. पाच रुपयांची नळी फोडायची, संपवायची, दाबून दहापर्यंत आकडे मोजायचे. एकदा कुंड्यांतल्या खुरप्याची मूठ त्यांनी अशीच चिकटवायला घेतली. जास्तीचा गोंद ओघळला, बोटांवर आला, म्हणून घरातून कापसाचा बोळा आणून ते पुसायला लागले. बोळ्यातून धूर! वरच्या गॅलरीतून नाना ओरडले, “कापूस टाका! आधी कापूस टाका!” या गोंदाची कापसाशी गाठ पडली की तो चुटकीसरशी घट्ट होतो आणि घट्ट होताना चटका बसेल इतकी उष्णता सोडतो. लोकरीचंही तेच. बँकवाल्यांचं बोट भाजलं, आणि नाना औषधाऐवजी इतिहास घेऊन खाली उतरले. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा माणूस बंदुकीच्या नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हे रसायन हाती लागलं, पण ते दिसेल त्याला चिकटायला लागलं म्हणून त्याने वैतागून बाजूला टाकलं. १९५१ मध्ये पुन्हा समोर आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि १९५८ मध्ये ते गोंद म्हणून बाजारात आलं. “नऊ वर्षं बाजूला ठेवलं होतं त्याने,” नाना बँकवाल्यांच्या सुजलेल्या बोटाकडे बघत म्हणाले, “तुम्हाला नऊ मिनिटं थांबवलं नाही.”

खुरप्याची मूठ दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी कुंडीत खडा लागला आणि ती कट्कन सुटली. हा गोंद सरळ ओढलात तर ऐकत नाही, पण ठोका बसला, मुरगळलात, कडेने सोललात की काचेच्या जातीचा. ठिसूळ. केसाइतकी बारीक भेग असेल आणि वस्तूला मार बसणार नसेल, तर याच्यासारखा दुसरा नाही, कारण तो पाण्याइतका पातळ असतो आणि भेगेत आपोआप खेचला जातो. हे नाना मान्य करतात. बँकवाल्यांसमोर नाही करत.

आता माईंची, म्हणजे नानांच्या बायकोची, सुरी. ती सांगितल्याशिवाय नाना सांगून होत नाहीत.

सुरी ठाण्याची, जांभळी नाक्यावरून आणलेली. शिसवी मूठ, पितळेचे तीन रिव्हेट. शेवटच्या रिव्हेटपासून मुठीच्या टोकापर्यंत एक तडा गेला होता, नखाची कड जेमतेम जाईल एवढा. माईंनी तो महिनाभर लपवला होता. कांदा चिरताना मूठ टिकटिक वाजायला लागली तेव्हा नानांनी बाहेरच्या खोलीतून पेपर वाचता वाचता तो आवाज ओळखला.

भिंग आलं. दिवा आला. सुरी पालथी झाली.

“रात्री सिंकमध्ये राहते का ही?”

“राहते. भांड्यांबरोबर.”

“भिजत?”

“नाही, पोहते.”

नानांना विनोद कळतो, पण तड्यासमोर ते हसत नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. फुगायला जागा नसली की रिव्हेटभोवती स्वतःलाच चेपून घेतं. सकाळी वाळलं की आकसतं, पण मधला पितळेचा खिळा काही आकसत नाही. मग लाकूड रेषेरेषेने फाटतं. शिवाय मुठीच्या आत सुरीचं जे पोलाद गेलेलं असतं, ते ओलं राहून गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. तो आतून ढकलतो.

“म्हणजे आतून आणि बाहेरून माझंच चुकलं,” माई म्हणाल्या.

“अगं, मी लाकडाबद्दल बोलतोय.”

“लाकूड सिंकमध्ये चालत गेलं का?”

“हे तू बोललीस.”

नानांच्या चौकश्या अशाच संपतात. खोलात जाऊन, शास्त्राला धरून, आवाज न चढवता, आणि शेवटी निकाल स्वयंपाकघराविरुद्ध. ज्या घरात नवरा दुरुस्ती करतो त्या घरातली बाई सुखी असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी माईंना भेटावं.

सुरी मग वाळत पडली. उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच. खिडकीच्या आतल्या बाजूला, सावलीत, वारा लागेल अशी. भराभर वाळवली तर तडा पुढे पळतो. हे दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे सुरीला वाळायला जो काळ लागला तेवढ्यात आमच्या वॉशिंग मशीनची वॉरंटी संपली असावी. माईंनी विळी काढली. पालेभाजी, कांदा, खोबरं सगळं विळीवर, आणि प्रत्येक वेळी पाट जमिनीवर जरा जोरात आपटून.

गोंद कोणता, हा प्रश्न नानांनी जेवणाच्या टेबलावर सोडवला. मी समोर होतो, म्हणजे सुटका नव्हती. फेव्हिकोल पहिल्या फेरीत बाद. त्याला कोरं, शोषून घेणारं लाकूड लागतं, दोन्ही कडा एकमेकींना घट्ट भिडलेल्या लागतात, आणि इथे मुठीत कैक वर्षांचं तेल, हळद आणि माईंच्या हाताचा घाम मुरलेला. शिवाय साधा पांढरा फेव्हिकोल पाण्यात बसला की मऊ पडतो. मी भाबडेपणाने म्हणालो, “पण नाना, त्या डब्यावर दोन हत्ती ओढतायत, तरी सुटत नाही.” नाना याच प्रश्नाची वाट बघत असावेत.

“हत्ती कसे ओढतायत? सरळ. एक इकडे, एक तिकडे. एखादा हत्ती मुरगळतोय का? एखादा रात्रभर सिंकमध्ये बसलाय का? तसं चित्र काढा म्हणावं, मग बोलू.”

हे बोलले तरी फेव्हिकोलचा अपमान ते सहन करत नाहीत. त्यांच्या लहानपणी कल्याणच्या वखारींत सुतार सरस वितळवत बसलेले असायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो गोंद, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा, गरम आहे तोवरच लावायचा, आणि वास असा की सुताराला जेवायला कोणी शेजारी बसवून घेऊ नये. १९५९ मध्ये पारेख बंधूंनी फेव्हिकोल आणला तो याला पर्याय म्हणून, आणि नुसता दुकानात न ठेवता सुतारांच्या हातात नेऊन दिला. तापवणं गेलं, वास गेला. पाट, चौरंग, खुर्चीचा पाय, म्हणजे लाकडाला लाकूड आणि वर दाब द्यायला शिकंजा, तिथे नानाही फेव्हिकोलच वापरतात, आणि बारीक खाच असेल तर त्याच लाकडाचा भुसा त्यात कालवतात. पोळपाटाला मात्र नाही. पोळपाट रोज धुतात.

एम-सील दुसऱ्या फेरीत गेलं. ते पिठासारखं मळून खड्डा बुजवायला. नखाच्या कडेएवढ्या भेगेत ते शिरणार कसं? फेव्हिक्विक शिरलं असतं, पण सुरीच्या मुठीचं कामच मुरगळण्याचं. भोपळा चिरताना बघा कधी. राहिलं अ‍ॅराल्डाइट, आणि तेही पाच मिनिटांत आवळणारं नव्हे, रात्रभर घेणारं. सावकाश आवळतं त्याला भेगेत उतरायला वेळ मिळतो.

हे ठरल्यावर नाना बाजीप्रभू चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. घरात अर्धी ट्यूब होती, पण तिचं टोपण कोणीतरी अदलाबदल करून लावलेलं. राळेच्या ट्यूबला हार्डनरचं टोपण लागलं की दोन्ही ट्यूबा तोंडाशी दगड होतात. कोणी लावलं याची वेगळी चौकशी झाली. तिचा निकाल वाचकांनी ओळखला असेल. दुकानदार नानांना लांबून ओळखतो. खोक्यावरची तयार झाल्याची तारीख, मग ट्यूबची घडी, मग दाबून आतला माल एकजीव आहे की फुटलाय, एवढं झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. सुरी नवी घेतली असती तर या ट्यूबांपेक्षा स्वस्त पडली असती, हे दुकानदाराने एकदाच बोलून पाहिलं होतं. तेव्हापासून तो बोलत नाही.

खरी गंमत पुढची. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेलं फडकं घेऊन नानांनी मूठ पुसायला सुरुवात केली. पहिलं फडकं काळं-पिवळं निघालं, दुसरं पिवळं, चौथं स्वच्छ. सागवानही असंच पुसावं लागतं, ते लाकूड जात्याच तेलकट; न पुसता लावलेला गोंद वरवर बसतो आणि चार दिवसांनी पापुद्र्यासारखा उठतो. मग दाढीच्या जुन्या पात्याचा कोपरा भेगेत सारून आतला मळ खरवडला. अ‍ॅराल्डाइटचे दोन सारखे पट्टे काचेच्या तुकड्यावर काढले आणि काडेपेटीच्या काडीने रंग एकसारखा होईपर्यंत घोटले. इथे लोक कंटाळा करतात. अर्धवट घोटलं तर अर्धंच आवळतं, आणि हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर वाळेल हाही एक गोड गैरसमज आहे. जादा हार्डनर आत तसाच बसून राहतो. मग सूनबाईंचा हेअर ड्रायर आला. मुठीवर कोमट हवा मारली, गोंद भेगेच्या तोंडाशी टेकवला, आणि तो मघाचा चिकट, हट्टी ऐवज एकदम पातळ होऊन आत ओढला जायला लागला. एका बाजूने घालत गेले आणि दुसऱ्या बाजूने, मुठीच्या टोकाशी, एक बारीक चमकता थेंब बाहेर आला. नाना तो थेंब बघून जे हसले, तसे ते नातवाच्या बारशालाही हसले नव्हते, असं माईंचं म्हणणं.

वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ताण. लाकडी शिकंजा वाकड्या मुठीवर बसत नाही, रबर बसतं. पण आवळायचं बेतानं. या गोंदाला फार दाबलं तर सगळा बाहेर येतो आणि आत काहीच उरत नाही. बाहेर आलेला ओला असतानाच स्पिरिटने पुसला. आणि मग घरात चोवीस तासांची जमावबंदी. सुरीला हात लावायचा नाही, सुरीजवळचा पंखा लावायचा नाही (कारण धूळ), सुरीबद्दल विचारायचंही नाही. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरचे तीन नंबर, शेवटी जवसाच्या तेलाचा हात. तडा शोधावा लागला. बोट फिरवलं तरी कळेना.

माईंनी सुरी घेतली, उलटीपालटी केली, म्हणाल्या, “छान झालीय,” आणि विळीवर गवार चिरायला बसल्या. त्यांना सवय झाली होती.

अ‍ॅराल्डाइटचं कूळ नाना कोणालाही सांगतात. ही एपॉक्सी राळ स्वित्झर्लंडमधल्या पिएर कास्तान नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ च्या सुमाराला दातांच्या कामासाठी शोधली. गोंद म्हणून तिचा बोलबाला झाला तो महायुद्धानंतर. हे दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांच्या कानावर गेलं आणि ते त्याच संध्याकाळी रुमालात कवळी बांधून हजर. नानांनी रुमाल उघडूही दिला नाही. तोंडात जाणाऱ्या किंवा अन्नाला टेकणाऱ्या कशालाही डब्यातलं काही लागणार नाही, हा त्यांचा नियम. मूठ हातात राहते, म्हणून मूठ. पातं नाही, पोळपाट नाही, कवळी नाही.

नकार देण्यात नाना जितके तरबेज आहेत तितके चिकटवण्यातही नसावेत, असं मला कधी कधी वाटतं. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी मोठा हातोडा घेऊन आले. दांड्याला उभा तडा, त्यावर काळी इन्सुलेशन टेप.

“नाना, जरा तुमचं ते दोन ट्यूबवालं.”

“नाही लावणार.”

“संपलं का?”

“आहे. पण तुमचं डोकंही आहे ना? ते राहू दे.”

हातोडा ठोकायचा असतो. प्रत्येक ठोका दांड्यातून परत येतो आणि कमजोर जागा शोधतो. सांधा टिकला तरी शेजारचं लाकूड आधीच दमलेलं असतं. तिथून तुटतं, आणि तुटतं तेव्हा मुंडकं कुणाच्या दिशेने जाईल हे हातोडा विचारत नाही. हातोडा, कुऱ्हाड, घण, टिकाव यांच्या दांड्याला तडा गेला की दांडा बदलायचा. चिकटवायचा नाही, टेप लावायची नाही. टेपचा तर त्यांना विशेष राग, कारण टेपखाली तडा वाढलेला दिसत नाही. सेक्रेटरींची टेप त्यांनी तिथेच सोलून काढली. तडा अर्ध्या दांड्यापर्यंत गेला होता. सेक्रेटरी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

नव्या दांड्यासाठी माळ्यावरून बाभळीच्या दांड्यांची मोळी उतरली. पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेला लोक बैल बघायला जातात, घोंगड्या घ्यायला जातात. नाना दांडे उचलून डोळ्यासमोर धरून त्यांच्या रेषा बघत फिरतात. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच बाजूला बाहेर पडली, तर दांडा तिथेच चिरणार, मग तो दिसायला कितीही गुळगुळीत असो. निवडलेला दांडा त्यांनी कानशीने उतरवला, मुंडक्यात बसवला, वरून पाचर मारली. बँकवाले तोपर्यंत आलेच होते. म्हणाले, “रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, फुगून घट्ट बसेल.” नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बँकवाल्यांचा हात नकळत भाजलेल्या बोटाकडे गेला. पाण्याने फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात चेपलं जातं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. सिंकमधल्या सुरीचीच गोष्ट, फक्त मोठी.

नाना हे कुठे शिकले? ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. महाराष्ट्रातली एमआयडीसीची ती पहिली वसाहत, १९६२ ची. तिथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. सकाळची डोंबिवली लोकल, ठाण्याला उतरून बस, आणि आत गेल्यावर सूत-दोन सुताचा फरक म्हणजे जन्ममरणाचा प्रश्न. कुठल्या धातूला किती तापवायचं, कुठलं लाकूड कुठल्या हातोडीला, तडा का गेला हे लिहून दिल्याशिवाय नवं हत्यार मिळायचं नाही. त्या टूलरूमच्या जागी आता काचेची इमारत आहे, आत मुलं संगणकावर काम करतात. मागे नाना तिथून जात होते, सहज आत डोकावले, तर वॉचमनने ओळखपत्र मागितलं. नानांनी त्याच्या हातातली काठी बघितली आणि सांगितलं, खाली लोखंडी टोपी बसवून घे, फाटायला लागलीय. एवढ्या मोठ्या टूलरूमचं ज्ञान, आणि आता हाताखाली माईंची सुरी, अण्णांची कवळी आणि बँकवाले. कडकपणा थोडा जास्त होणारच.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत सगळे तलवार बघतात, नाना मूठ बघतात. जुन्या तलवारीच्या पात्याचं शेपूट मुठीत बसवायचे ते लाखेने. लाख वितळवून मुठीच्या पोकळीत भरायची आणि त्यात शेपूट घुसवायचं. त्यांच्या आजोबांच्या कोकणातल्या कोयत्यालाही तीच रीत होती. कोयता ढिला झाला की शेपूट तापवायचं, मुठीत परत दाबायचं, की आतली लाख मऊ होऊन पुन्हा धरते. “अ‍ॅराल्डाइटला ही सोय नाही,” नाना म्हणतात. “एकदा बसलं की बसलं.” हे सांगताना ते लाखेच्या बाजूचे असतात की अ‍ॅराल्डाइटच्या, हे मला अजून कळलेलं नाही. पण मिरवणुकीत त्यांनी एका मावळ्याला थांबवून तलवार हलवून पाहिली होती आणि “मूठ खुळखुळतेय” असं मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं होतं, हे खरं. तलवार पुठ्ठ्याची होती.

गोंदाला ज्याच्यापुढे हात टेकावे लागतात असा एकच पदार्थ त्यांना माहीत आहे, आणि तो नौपाड्याच्या वहिनी घेऊन आल्या. वहिनींच्या हातात दोन गोष्टी होत्या: कुकरची काळी दांडी आणि रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी. दांडीचा निकाल लगेच लागला. ती बेकलाइटची, १९०७ मध्ये बेकलंडने काढलेलं हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून तर ते चुलीशेजारी चालतं. पण तडकलेली कुकरची दांडी चिकटवून गरम, वाफेने भरलेला कुकर तिच्यावर उचलणं म्हणजे पायावर आमटी सांडायचा मुहूर्त काढणं. त्याच कंपनीची नवी दांडी आणा, स्क्रू हाताने बसेल तेवढाच आवळा, पुढे पेचकस मारू नका.

प्लॅस्टिकच्या मुठीवर मात्र नाना थबकले. नखाने खरवडलं, पाण्याच्या वाटीत तिचा तुटका तुकडा टाकला. तरंगला.

“पॉलिप्रोपिलीन. याला काही चिकटत नाही.”

“अहो नाना, एवढे गोंद आहेत तुमच्याकडे!”

“वहिनी, या गोंदाच्या बाटलीचं बूच बघा. याच जातीच्या प्लॅस्टिकचं. गोंद त्याला चिकटत असता तर बूच उघडलं असतं का?”

वहिनींनी बूच बघितलं, सुरी बघितली, आणि सुरी पर्समध्ये टाकली. जाताना जिन्यात त्या माईंना म्हणाल्या, “माणूस हुशार आहे हो, पण काम काही झालं नाही.” माई म्हणाल्या, “काम झालं असतं तर तुमचीच चूक निघाली असती. सुटलात.”

गेल्या रविवारी मी बसलो होतो तेव्हा भाच्याचा फोन आला. तो कल्याणला नव्या टॉवरमध्ये राहतो. मामांनी लग्नात दिलेल्या सुरीची मूठ तडकली होती. नानांनी फोन कानाला घट्ट लावला.

“ओली कशाने झाली?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“डिशवॉशरमध्ये?” नाना उठून उभे राहिले. “लाकडी मूठ? किती अंशावर? अरे, गरम पाणी, वर सोडा, वर वाफ... तेल सगळं निघून गेलं असेल तिचं. हां. एक मात्र बरं झालं. आता पुसायला सोपी जाईल. टाकू नकोस. काय? नवी मागवलीस? दहा मिनिटांत येतेय?”

नाना थोडं थांबले.

“येऊ दे. जुनी सावलीत ठेव. आणि नवी आली की आधी तिच्या मुठीचा फोटो पाठव. रेषा दिसल्या पाहिजेत.”